पुटपुटणारे ओठ आणि आपला संशय



सुट्टीच्या आरंभी या सदरातून आपणांस एक विनंती केली होती. जे. के. रोलिंग यांची ‘हॅरी पॉटर आणि परीस’ ही कादंबरी घरातील लहानथोरांनी एकत्र बसून वाचावी आणि मनात जे आले ते निःसंकोच कळवावे, अशी ती विनंती होती. मूळ इंग्रजी पुस्तक १९९७ च्या जून महिन्यात लंडनहून प्रसिद्ध झाले. भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाउसने ते मराठीत आणले. आईवडिलांविना, मावशीच्या घरी जिन्याखालच्या कोंदट फडताळात वाढलेल्या एका मुलाला अकराव्या वाढदिवशी कळते की आपण जादूगार आहोत, आणि तो हॉगवर्ट्स नावाच्या विद्यालयात दाखल होतो. ज्यांचे वाचन राहून गेले त्यांना एवढे कथासूत्र पुरे.

चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, मूल, आरमोरी, वडसा, अहेरी अशा अनेक ठिकाणांहून पत्रे आली. जागेअभावी तीनच पत्रांचा परामर्श येथे घेत आहोत. काहींनी नाव छापू नये असे कळविले आहे, म्हणून कोणाचेच नाव दिलेले नाही.

पहिले पत्र वडशाच्या एका ज्येष्ठ धान्य व्यापाऱ्यांचे आहे. जादूपेक्षा त्यांना पुस्तकातील पेढी अधिक भावली! जमिनीखाली खोल तिजोऱ्या असलेली ग्रिंगॉट्स ही पेढी गॉब्लिन नावाचे बुटके, चाणाक्ष जीव चालवितात. तेथे सोन्याच्या एका गॅलियनचे १७ सिकल होतात आणि चांदीच्या एका सिकलचे २९ नट. नातवाने कागद न घेता गुणाकार करून एका गॅलियनचे ४९३ नट सांगितले, तेव्हा आजोबांनी त्याला आपला जुना हिशेब शिकविला: १२ पैंचा आणा, १६ आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाचे १९२ पै. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तर इंग्लंडमध्ये १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड हा हिशेब १९७१ पर्यंत चालला. आजोबा लिहितात की, लेखिकेने आपल्याच देशाच्या जुन्या नाण्यांची ही गोड थट्टा केली असावी. आणे-पै ऐकावयास नातू प्रथमच आपण होऊन जवळ बसला, हा त्यांना या वाचनाचा निव्वळ नफा वाटतो.

दुसऱ्या पाकिटात दोन पत्रे होती, एक चंद्रपूरच्या एका आजींचे आणि दुसरे त्यांच्या बारा वर्षांच्या नातीचे. आजींचा आक्षेप स्पष्ट आहे. आपण मुलांना सांगतो की जसे कर्म तसे फळ, आणि हे पुस्तक सांगते की छडी फिरविली की काम झाले. मग मुलांनी श्रम कशासाठी करावेत?

नातीचे उत्तर वाचनीय आहे. ती म्हणते, शेवटच्या परीक्षेत छडी फारशी कामी येतच नाही. बुद्धिबळाच्या पटावर मित्र पुढे जावेत म्हणून रॉन स्वतःचा बळी देतो. विषाच्या बाटल्यांचे कोडे हर्मायनी केवळ तर्काने सोडविते. आणि परीस हॅरीच्या हाती येतो तो मंत्राने नव्हे. मुख्याध्यापक डंबलडोर यांनी तो परीस आरशात अशा रीतीने ठेवलेला असतो की ज्याला तो शोधावयाचा आहे, परंतु वापरावयाचा नाही, त्यालाच तो मिळावा. लोभी मनुष्याला आरशात परीस दिसतो, हाती मात्र लागत नाही. “आजी, हा तर अपरिग्रहाचाच धडा आहे,” असे तिने शेवटी लिहिले आहे.

या नातीला आपल्याच मुलखातील एक आख्यायिका सांगावीशी वाटते. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्येही तिची नोंद आहे. ताडोब्याच्या तळ्याकाठी यात्रेकरूंनी प्रार्थना केली की स्वयंपाकाला लागणारी भांडी पाण्यातून वर येत. काम झाले की ती घासून पुन्हा तळ्याला परत करावयाची, एवढाच दंडक होता. एकदा एका दुष्टबुद्धीच्या मनुष्याने ती भांडी घरी नेली. भांडी नाहीशी झाली, आणि त्या दिवसापासून तळ्याने देणे बंद केले. उसने घेतलेले परत न केल्यास पत बुडते, हे व्यापारी घरातील मुलाला याहून सोप्या रीतीने कसे सांगावे?

आजींसाठीही एक गोष्ट नमूद करतो. अद्भुत कथेचे आपल्या परंपरेला वावडे नाही. उद्योतनसूरींनी शके ७०० च्या अखेरीस, म्हणजे इसवी सन ७७९ मध्ये, जालोर येथे ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात विद्याधर आहेत, चमत्कार आहेत, जन्मजन्मांतरीचे ऋणानुबंध आहेत, आणि बाजारपेठेत आपापल्या बोलीत सौदा करणारे देशोदेशीचे व्यापारीही आहेत. त्यांत मरहट्ट व्यापारी आणि त्यांच्या तोंडचे शब्द येतात, म्हणून मराठीचे अभ्यासकही त्या ग्रंथाचा आदराने उल्लेख करतात. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांची फळे सांगण्यासाठी आचार्यांनी अद्भुताचा आधार घेतला. तेव्हा प्रश्न अद्भुताचा नसून ते कोणत्या हेतूने सांगितले जाते याचा आहे.

तिसरे पत्र अहेरीकडील एका किराणा व्यापाऱ्यांचे आहे. ते वाचल्यावर बराच वेळ दुसरे पत्र उघडवेना. ते लिहितात: मुलगा दुकानात गादीवर बसून हे पुस्तक वाचीत होता. बाजाराचा दिवस होता. एका गिऱ्हाइकाने मुखपृष्ठ पाहून विचारले, कसले पुस्तक? मुलगा म्हणाला, जादूचे. गिऱ्हाईक गप्प झाले. मी पुस्तक उचलून आत ठेवले. आपणांस नागपूर-पुण्याच्या मुलांचे कौतुक असेल, परंतु आमच्याकडे जादू हा शब्द खेळाचा नाही. या शब्दापायी येथे माणसे मरतात. असे पुस्तक आमच्या मुलांनी वाचावे काय?

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण करण्यात आली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. मे २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे अशाच संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला मारहाण करून जाळण्यात आले. त्या प्रकरणी पोलिसांनी १५ जणांना अटक केली. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे भासवून तिला त्रास देणे हा त्याखाली गुन्हा असून सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कायदा असूनही हे घडले.

तरीही आमचे नम्र उत्तर असे की, हे पुस्तक याच दोन जिल्ह्यांतील मुलांनी आवर्जून वाचावे. त्याचे कारण अकराव्या प्रकरणात आहे.

त्या प्रकरणात हॅरी क्विडिचचा पहिला सामना खेळतो. उंच आकाशात त्याचा झाडू अचानक हिसके देऊ लागतो. खाली हर्मायनी दुर्बिणीतून पाहते, तो शिक्षक स्नेप यांची नजर हॅरीवर खिळलेली आणि ओठ सारखे पुटपुटत असलेले. स्नेप काळ्या झग्यातले, रुक्ष चेहऱ्याचे, हॅरीचा द्वेष करणारे. मग संशयाला आणखी काय हवे? हर्मायनी धावत जाऊन त्यांच्या झग्याला आग लावते. झाडू स्थिर होतो, आणि मुलांची खात्री पटते की अपराधी स्नेपच.

प्रत्यक्षात काय असते? स्नेप पुटपुटत असतात तो हॅरीला वाचविण्यासाठी उलट मंत्र असतो. झाडूवर मंत्र टाकणारे असतात क्विरेल, म्हणजे अडखळत बोलणारे, भित्रे, सर्वांना दयनीय वाटणारे शिक्षक. घाईत धावताना हर्मायनीचा धक्का क्विरेल यांना लागतो, ते पडतात, त्यांची नजर हटते, आणि म्हणून झाडू थांबतो. हे सत्य मुलांना कळते ते सतराव्या, अखेरच्या प्रकरणात. तोवर वर्षभर ती निरपराध मनुष्याला अपराधी मानून चालतात.

बंधुभगिनींनो, हा प्रसंग एकदा सावकाश वाचा. एक एकाकी, अप्रिय व्यक्ती. कोणीतरी तिचे ओठ हलताना पाहिले. त्याच वेळी कोणाचे तरी मूल संकटात होते. दोन गोष्टी एकत्र घडल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरली. मग आग. आणि त्यानंतर संकट टळले, म्हणून संशय खरा ठरला! गावात ‘आम्हांला अनुभव आला’ असे म्हणतात तो हाच अनुभव. आग लावणारी मुले दुष्ट नाहीत, उलट ती कथेतील सर्वांत सज्जन आणि हुशार मुले आहेत. म्हणूनच हा धडा मोलाचा आहे. कथेत झग्याला लागलेल्या आगीने कोणाला इजा होत नाही, बारसेवाड्यात मात्र माणसे गेली.

अद्भुत कथा आणि अंधश्रद्धा यांतील अंतरही येथेच दिसते. कथा आरंभीच कबूल करते की मी कल्पित आहे. अंधश्रद्धा स्वतःला सत्य म्हणविते आणि शेजाऱ्याकडे बोट दाखविते. कल्पित जगात चुकीचा संशय घेऊन पस्तावलेला वाचक खऱ्या जगात बोट उचलण्यापूर्वी क्षणभर थांबेल, एवढी आशा धरण्यास जागा आहे.

हे वाचून कोणी असे म्हणू नये की, हा दोष दूरच्या पाड्यांचा, आपला नव्हे. दुकानाच्या उंबरठ्यावर लिंबू-मिरची आपणही टांगतो. नवी सून घरात आल्यावर त्याच वर्षी व्यापारात खोट आली, की पायगुणाची कुजबूज आपल्याही माजघरात होते. धानाचा भाव पडला त्यात त्या मुलीचा काय संबंध? तरी तिला वर्षानुवर्षे ते सोसावे लागते. गल्ल्यात रक्कम कमी भरली की रोजमेळ पुन्हा तपासण्याआधी नजर नोकराकडे वळते. पुढे बेरजेतील चूक सापडते, नोकराची क्षमा मात्र क्वचितच मागितली जाते. वणी खुर्द आणि आपले माजघर यांत क्रौर्याचे अंतर मोठे आहे, परंतु विचाराची चूक तीच आहे. हिशेबात जो नेमकेपणा आपण पाळतो तो माणसांविषयीच्या निर्णयात का पाळू नये? पावतीवाचून आपण रुपयाची नोंद करीत नाही. मग पुराव्यावाचून माणसाच्या नावे अपराध कसा मांडतो?

अहेरीच्या बंधूंना विनंती की, पुस्तक पुन्हा गादीवर येऊ द्यावे. ‘कसले पुस्तक?’ असे कोणी विचारल्यास मुलाने म्हणावे, “गोष्टीचे. त्यात एका चांगल्या माणसावर जादूचा खोटा आळ येतो.” गिऱ्हाईक थांबून ऐकू लागले, तर मुलाने गोष्ट पूर्ण सांगावी.

पुढील महिन्यासाठी एक छोटा उपक्रम सुचवितो. ज्या घरी वाचन अद्याप चालू आहे तेथे अकरावे प्रकरण संपताच थांबावे. प्रत्येकाने, आजी-आजोबांनीसुद्धा, वहीत लिहावे: अपराधी कोण, आणि पुरावा कोणता? वही मिटून ठेवावी आणि सतरावे प्रकरण वाचल्यावर उघडावी. ज्यांना शेवट ठाऊक आहे त्यांनी मौन पाळावे. वहीतील पुराव्याच्या रकान्यात कोणी काय लिहिले होते, तेवढे आम्हांस अवश्य कळवावे.