परदेशातल्या कॉलेजची फी विचारतो, इमारतीचं कोण विचारणार?

बेळगाव : सध्या घराघरांत कागदपत्रांची धावपळ दिसते. कुणाचं एज्युकेशन लोन मंजूर झालंय, कुणी व्हिसाची वाट बघतंय. पालकांचे प्रश्न ठरलेले : फी किती, हॉस्टेलचं जेवण कसं, पार्ट टाइम काम मिळतं का? पोरं ज्या इमारतीत दिवसभर बसणार, ती भूकंपात उभी राहील का, हे सहसा कुणी विचारत नाही.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचं उदाहरण इथे आठवतं. ४ सप्टेंबर २०१० च्या पहाटे तिथे ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र शहरापासून सुमारे ४० किलोमीटर लांब, लोक घरात झोपलेले. जीवितहानी जवळपास झालीच नाही. नंतर इमारतींची वरवर पाहणी झाली आणि सीटीव्ही या सहा मजली इमारतीला वापरायला हरकत नसल्याचा हिरवा शेरा मिळाला.

साडेपाच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२.५१ वाजता, पुन्हा धक्का बसला. तीव्रता कमी, पण केंद्र शहराला लागून आणि जमिनीखाली फार खोल नाही. १८५ जण दगावले. त्यातले ११५ एकट्या सीटीव्ही इमारतीत. तिथे इंग्रजी शिकवणारी संस्था होती; जपान, चीन, फिलिपिन्सहून आलेले विद्यार्थी ढिगाऱ्याखाली गेले. पुढे चौकशी आयोगाने सांगितलं, १९८६ मध्ये या इमारतीला परवानगीच द्यायला नको होती.

म्हणजे मोठ्या भूकंपात शहर वाचलं आणि त्याहून लहान भूकंपात एका इमारतीने शंभराहून जास्त जीव घेतले. आपल्याकडे १९९३ ला किल्लारीत जाड दगड-मातीच्या भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या, ते आपण विसरलेलो नाही.

मग करायचं काय? इमारत कधीची, हे कॉलेजला ईमेलने विचारा. जपानला जाणार असाल तर ती १९८१ च्या कडक नियमांनंतरची आहे का, बघा. न्यूझीलंडमध्ये धोकादायक इमारतींची यादी आता ऑनलाइन बघता येते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर मुलांची नोंदणी करा. विम्यात नैसर्गिक आपत्ती धरलीय का, तेही वाचा. आपत्तीत फोन लागत नाहीत, तेव्हा ‘सुखरूप आहे’ एवढा मेसेज कुणाला पाठवायचा, हे घरातच ठरवा.

लाखोंचं कर्ज काढताना बँक आपल्याला शंभर प्रश्न विचारते. आपण कॉलेजला एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?