एका बेटावरची अनेक अरण्ये

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमला अलीकडे ‘विजय दुर्ग’ हे नाव मिळाले, आणि तेही आपल्या कोकणातील विजयदुर्गावरून. याच फोर्ट विल्यमच्या कंपनी सरकारने १७८८ साली मुंबईच्या आरमारातील लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर यास अंदमानच्या पाहणीस धाडले होते. पुढल्याच वर्षी तेथे वसाहत झाली. रोगराईपायी ती १७९६ साली उठवावी लागली. १८५८ मध्ये बंदिवानांची वसाहत आली, आणि तेव्हापासून अंदमान म्हटले की आपणांस काळे पाणी आठवते. अरण्य आठवत नाही.

गलबतावरून पाहणाऱ्यास ते अरण्य एकच हिरवी भिंत भासते. वस्तुतः तेथे अनेक अरण्ये शेजारीशेजारी नांदतात. पाऊस सर्वांवर सारखाच, वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलीमीटर. भेद पडतो तो जमीन, उतार आणि खारे पाणी यांमुळे.

किनाऱ्याच्या वाळूत कोकणवासीयास ओळखीची मंडळी भेटतात: उंडी, करंज, भेंड, केवडा. खाड्यांच्या चिखलात कांदळ आपल्या मुळांच्या कमानींवर उभी असते. आत, खोल मातीच्या ओलसर दऱ्यांत गर्जनाचे सरळसोट वृक्ष आभाळात जातात; त्यांखाली वेतांची अशी गुंतागुंत की कोयत्यावाचून पाऊल पडत नाही. हे सदाहरित रान. पण जेथे उतारावरून पाणी झटकन निथळते, तेथे पानझडी रान लागते आणि त्यात पडौक वाढतो. आपल्या बिवळ्याचा हा भाऊबंद उन्हाळ्यापूर्वी पाने गाळतो. लालसर, टिकाऊ लाकडासाठी त्याची कीर्ती परदेशी गेली. १८८३ साली तेथे वनखाते स्थापन झाले ते मुख्यत्वे अशा लाकडाकडे दृष्टी ठेवूनच. ७३२ मीटर उंचीच्या सॅडल शिखरावर मात्र वाऱ्याने झाडांस खुजे करून टाकले आहे.

हा संसार किती नाजूक, ते २००४ च्या त्सुनामीच्या वेळी दिसले. भूकंपाने उत्तर अंदमानची जमीन वर उचलली गेली. भरतीचे पाणी पोहोचेना, तेव्हा कांदळवने उभ्या उभ्या वाळली. निकोबारात उलट जमीन खचली आणि तेथील कांदळवने बुडून मेली. काही हात उंचीचा फरक, पण झाडास तोच जन्ममरणाचा!

दहा अंशांची खाडी ओलांडून निकोबारास गेले की गर्जनही नाही आणि पडौकही नाही. त्याऐवजी तेथे वृक्षासारखे उंच नेचे आढळतात, जे अंदमानात नाहीत. मध्य निकोबारच्या टेकड्यांवर तर चक्क गवताळ माळ आहेत. म्हणजे अंदमान जाणणाऱ्याने निकोबारही जाणले, असे समजू नये.

२०२२ साली ग्रेट निकोबारमधील बंदर, विमानतळ व नगर यांच्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनभूमी देण्यास तत्त्वतः मंजुरी मिळाली. बंदराची गरज सांगणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. परंतु भरपाईची वृक्षलागवड योजिली ती हरियाणात. तेथे झाडे लागतील, वाटसरूंस सावलीही मिळेल. पण वृक्षनेच्याला लागणारी समुद्राची दमट हवा हरियाणात कोठून आणावयाची?