दुसऱ्या वर्षाची काळजी

“वहिनी, किती कमी झालं?” हर्सूलमध्ये आमच्या ओळखीच्या एका घरी गेलं की येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. वहिनींनी वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं, त्याला दुसरं वर्ष लागलंय. साखर आटोक्यात आली, गुडघ्यांची कुरकुर थांबली, नवरात्रात हरसिद्धी मातेच्या दर्शनाला त्या पायी गेल्या. तरी त्यांच्या घरातलं बोलणं आटलंय, हे बघणाऱ्याला कळतं. तुमच्याबद्दल लिहू का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, “लिहा, पण कुणाच्या तरी कामी येईल असं लिहा.”

म्हणून लिहितो आहे.

या ऑपरेशनचं नाव आपल्याकडे पोचलं ते मोठ्या माणसांमुळे. २०११ मध्ये नितीन गडकरींनी ते करून घेतलं, तेव्हा चर्चा झाली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद याच ऑपरेशनसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आल्या, तेव्हा टीव्हीवर रोज त्यांचे किलो मोजले जात होते. आपणही किलोच मोजतो. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारात जठराचा पाऊण भाग किंवा त्याहूनही थोडा जास्त काढून टाकतात आणि उरते ती केळ्याएवढी नळी. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. पण राग आला की खायचं, एकटं वाटलं की डबा उघडायचा, ही वर्षानुवर्षांची सवय जठरात नसते. खाण्याचा आधार गेला की मागे दडलेलं दुःख उघडं पडतं.

वहिनींच्या घरी ते ताटावर दिसलं. पूर्वी रात्री त्या आणि भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, एकत्र जेवायला बसत. आता वहिनींची अर्धी भाकरी चावून चावून अर्धा तास चालते. जेवताना पाणी प्यायचं नाही, घास मोठा घ्यायचा नाही, आधी डाळ-अंडं, मग बाकीचं. भाऊ दहा मिनिटांत हात धुऊन मोबाइल घेऊन ओट्यावर जातात. लग्नाच्या पंगतीत येसर आमटीचा आग्रह होतो, वहिनी नको म्हणतात आणि यजमानीण मनात धरून बसते. नवीन ड्रेस घातला तर भाऊ विचारतात, “कुणासाठी एवढं?” पुढे मग दोन दोन दिवस अबोला.

भाऊंना दोष देऊन मोकळं होता येत नाही. मोठ्या अंगाची, घरातच रमणारी बायको त्यांना ठाऊक होती, तिच्यासोबत खाणं हाच त्यांचा विरंगुळा होता. ती बदलली, चार लोकांत बोलायला लागली, आणि आपण मागे राहिलो असं त्यांना वाटतं. ऑपरेशनआधी संमतीपत्रावर सही करायला त्यांना बोलावलं होतं. त्यानंतर कुणी बोलावलंच नाही. माझा सगळा राग त्या एका गोष्टीवर आहे.

हे एकट्या हर्सूलचं नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दोन मोठ्या गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातल्या एका गटात ऑपरेशन झालेली जवळजवळ ३० हजार माणसं होती. ऑपरेशन न झालेल्यांच्या तुलनेत या लोकांत घटस्फोट आणि विभक्त होण्याचं प्रमाण जास्त निघालं. एकट्या असलेल्यांत मात्र नवं लग्न, नवं नातं जुळण्याचं प्रमाण वाढलं. बहुतेकांचे संसार टिकले, हेही तितकंच खरं. मला त्यातून एवढंच दिसतं की शरीर बदललं की नात्यातला जुना समतोल हलतो. नातं आधीच डळमळीत असेल तर ते तुटतं. मार खाऊन, टोमणे ऐकून राहणाऱ्या बाईला बाहेर पडायचं बळ मिळालं असेल, तर त्या तुटण्याला वाईट कसं म्हणायचं?

मनाची गोष्ट अधिक गंभीर आहे. पहिले काही महिने बहुतेकांचं नैराश्य कमी होतं, कौतुकाने माणूस फुलतो. पुढे वजन उतरायचं थांबतं, केस गळालेले असतात, सैल कातडी लोंबते, लोकांनाही नवलाई उरत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ८८१५ रुग्णांची ऑपरेशनआधीची आणि नंतरची तीन-तीन वर्षं तपासली, तेव्हा स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीने दवाखान्यात आणण्याचे प्रसंग नंतर दीडपट झाल्याचं आढळलं. ते बहुतांश दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले होते, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना आधीपासून मनाचा आजार होता. याच ऑपरेशनच्या गॅस्ट्रिक बायपास या दुसऱ्या प्रकारानंतर दारू लवकर आणि जास्त चढते. अमेरिकेतल्या अभ्यासात दारूचा त्रास वाढलेला दिसला तोही दुसऱ्याच वर्षी. आपल्याकडे नेमकं तेव्हाच, सगळं छान झालं म्हणून, दवाखान्यात जाणं बंद होतं.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांमध्ये फार छळते. लग्न जमावं म्हणून मुलीचं ऑपरेशन करतात, सासरी ते लपवतात आणि सहा महिन्यांत गोड बातमीची चौकशी सुरू होते. ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळा, असं डॉक्टर सांगतात, कारण बाळाला पोषण कमी पडू शकतं. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या तर जन्मभर घ्यायच्या असतात. हे सासूपासून लपवून ती पोरगी किती दिवस निभावणार?

ऑपरेशन करू नका, असं मी म्हणत नाही. मधुमेह, धाप, झोपेत अडकणारा श्वास यांनी जेरीस आलेल्या माणसाला त्यातून नवं आयुष्य मिळतं. पण मानसोपचारतज्ज्ञाची आधीची तपासणी कागदापुरती उरू नये. नवरा-बायकोला, घरात सासू असेल तर तिलाही, समोर बसवून सांगावं की ताट बदलणार आहे, रुसवे होतील, गोड खाल्ल्यावर घाम-धडधड होऊ शकते, आग्रह करू नका. आधीपासून मनाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोस पुन्हा तपासायला लागतो, कारण बायपासनंतर औषधं शरीरात पूर्वीसारखी शोषली जातीलच असं नाही. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीला जोडीदाराला मुद्दाम बोलवावं आणि झोप, चिडचिड, दारू, अबोला यांबद्दल विचारावं.

वहिनी अशा तपासणीला जायला तयार आहेत, भाऊ नाहीत. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, पण तिथे कुणी ओळखीचं बघेल याची भाऊंना भीती वाटते. त्यांच्यासारख्यांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. पैसे लागत नाहीत, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो मी भाऊंच्या मोबाइलमध्ये घालून दिलाय.