झाडांची यादी गावाशिवाय नको



कोयना आणि वारणेच्या खोऱ्यांत नदीवरच्या उभ्या उतारांचं रान मोजायला माणसं येतात. दोरी लावून चौकोन आखतात, आतली झाडं मोजतात, छातीएवढ्या उंचीवर बुंध्याचा घेर घेतात. मोजणीला आमचा विरोध नाही. रान मोजलंच पाहिजे. पण गावाला बाजूला ठेवून केलेली मोजणी अर्धीच राहते.

ओढ्याच्या काठाला उंबर, करंज, वाळुंज. वर चढलं की जांभूळ, अंजन, हिरडा. उघड्या उतारावर कारवी. थोडं चाललं की रान बदलतं. सगळे चौकोन सोप्या वाटेकडेला आखले तर कड्यावरचं रान कागदावर येतच नाही. उन्हाळ्यात येऊन गेलेल्याला पावसाळ्यातले कंद आणि रानभाज्या दिसत नाहीत. कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. वर्षभर रानात फिरणाऱ्या बाईला हे सगळं तोंडपाठ असतं, पण तिला विचारतो कोण?

आता हक्काचं बघा. 2010 साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथल्या उठलेल्या गावांची जोती अजून रानात आहेत. जोत्याशेजारी चिंच, फणस उभा असला तर तो कुणीतरी लावलेला असतो. यादीत नुसतं ‘चिंच 2’ लिहिलं की ती लावणारं गाव कागदावरून पुसलं जातं.

2006 च्या वनहक्क कायद्याचे 2008 चे नियम काढून बघा. नियम 13 मध्ये कंदमुळं, रानफळं गोळा करायच्या जागा, चराईची रानं, पवित्र झाडं, देवराया, नदीकाठच्या जागा हे सामूहिक हक्काचे पुरावे धरलेत. म्हणजे झाडांची यादी हा आपल्या दाव्याचाच कागद आहे. धनगर-गवळी भावांना तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीचं 75 वर्षांचं राहणं दाखवावं लागतं. त्यांना जुनी झाडं, जुनी जोती फार कामाची आहेत.

म्हणून प्रत्येक वाडीनं एवढं करावं:

1. मोजणीबरोबर वनहक्क समितीची दोन माणसं जावीत. त्यात एक बाई असावीच.
2. झाडाचं आपल्या बोलीतलं नाव, उपयोग आणि गोळा करायचा महिना लिहावा.
3. देवराई, पाणवठा, स्मशान, जुनी जोती नकाशावर दाखवावीत.
4. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यावेत.
5. यादीची प्रत ग्रामसभेत वाचून ठराव करावा आणि दाव्याला जोडावी.

एक जपा. औषधाची कृती कुणी विचारली म्हणून लगेच सांगून टाकू नका. पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क त्याच कायद्यानं मान्य केलाय. काय सांगायचं, काय नाही, ते ग्रामसभा ठरवेल.

कोणी मोजायला येईल म्हणून वाट बघत बसू नका. वही-पेन्सिल घ्या, येत्या पावसाळ्यात आपणच सुरुवात करू.

जल-जंगल-जमीन, आमच्या हक्काची!