तारिहाळचे जायबंदी हात

हुबळीच्या वेशीबाहेरील तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत, जुलै 2022 मध्ये, ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या बनविणाऱ्या एका कारखान्यास आग लागून कामगार प्राणास मुकले, तेव्हा त्या गावाचे नाव वृत्तपत्रांत झळकले. परंतु ज्या अपघातात प्राण वाचतो आणि केवळ बोटे, पंजा अथवा मनगट जाते, त्याची वार्ता बहुधा कारखान्याच्या फाटकाबाहेर येत नाही. मुकादम थोडी रोकड घेऊन घरी येतो, कागदावर सही घेतो, आणि प्रकरण मिटले असे समजले जाते.

ते तसे मिटत नाही; भरपाई हा कामगाराचा हक्क आहे, आणि त्याची मागणी जुनी आहे. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी साडेपाच हजार सह्यांचा जो अर्ज सिद्ध केला, त्यात साप्ताहिक सुटीच्या बरोबरीने हीही मागणी होती की, कामावर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. भरपाईचा कायदा होण्यास मात्र 1923 साल उजाडावे लागले. नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

या दोन्ही कायद्यांच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास 30 टक्के आणि संपूर्ण तर्जनी गेल्यास 14 टक्के अशी अर्जनक्षमतेची हानी ठरविलेली आहे. हे कोष्टक हिशेबास सोयीचे खरे; पण ज्याचे पोट हातातील कसबावर चालते त्याचे नुकसान त्यात मावत नाही. डावा हात कोपराच्या वर तुटलेल्या एका सुताराच्या दाव्यात, परिशिष्टाप्रमाणे हानी पूर्ण नाही असा मालकाचा युक्तिवाद असता, एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब हानी संपूर्ण आहे आणि भरपाईचे देणे अपघाताच्या दिवसापासूनच लागू होते, असा निर्णय 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. तारिहाळच्या प्रेसवर अथवा लेथवर हात गमावणाऱ्याला हा निर्णय कोणी सांगितला आहे काय?

‘चूक त्याचीच होती’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. रात्रपाळीत डोळा लागणे, घाईत हात पुढे जाणे, एवढ्याने हक्क बुडत नाही. नशा, हेतुपुरस्सर आज्ञाभंग किंवा संरक्षक जाळी जाणूनबुजून काढणे हेच अपवाद आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास तेही लागू नाहीत. ठेकेदाराकडील मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, महिनाभरात ती न दिल्यास 12 टक्के व्याज चढते, आणि हक्क सोडल्याचा करार रद्दबातल ठरतो. कारखाना कामगार राज्य विमा महामंडळाच्या योजनेत असेल तर दाद त्या महामंडळाकडे मागावी लागते, आणि मालकाने वर्गणी भरली नसली तरी महामंडळाला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करता येते.

अडते ते पुराव्यापाशी. हजेरीपटावर नाव नसलेला मनुष्य आपण तेथे कामाला होतो हेच सिद्ध करू शकत नाही, आणि ही उणीव त्याच्या दैन्यामुळे नव्हे, दप्तर मालकाच्या ताब्यात असल्यामुळे आहे. म्हणून अपघाताची खबर मिळताच कामगार खात्याच्या निरीक्षकाने रुग्णालयातील खाटेपाशी जाऊन जबानी घ्यावी, त्याच दिवशी हजेरीपट व पगारपत्रक ताब्यात घ्यावे, आणि त्यांच्या नकला कामगाराच्या घरच्यांच्या हाती द्याव्यात.