आकडा जवळ आला तरी गुण



अलीकडेच अमळनेरातील माझ्या दवाखान्यात एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन आल्या. “दादांची बुद्धी तल्लख राहावी म्हणून रोज घड्याळ लावून कोडी घालते, पण हल्ली ते चुकतात आणि चिडतात,” ही त्यांची चिंता. तपासले, तर दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला. निम्मे प्रश्न त्यांना ऐकूच येत नव्हते!

या निमित्ताने ब्रिटनमधील ‘काउंटडाउन’ या दूरचित्रवाणी खेळाची रचना सांगावीशी वाटते. फ्रेंच कार्यक्रमावर बेतलेला हा खेळ १९८२ पासून चालू आहे. अक्षरफेरीत नऊ अक्षरांतून सर्वांत लांब शब्द शोधायचा. अंकफेरीत सहा संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून तीन आकडी लक्ष्य गाठायचे. वेळ ३० सेकंद. अचूक उत्तरास १० गुण. परंतु कोणालाच ते न साधल्यास सर्वांत जवळच्या उत्तरासही, पाचच्या आतील फरकाला ७ आणि दहाच्या आतील फरकाला ५ गुण मिळतात. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

घरी हा खेळ अवश्य खेळावा. क, म, ल, र, प, स, ण, व, त ही अक्षरे घ्या; काना, मात्रा, जोडाक्षरे यांची मुभा ठेवा. कोणी ‘कमल’ म्हणेल, कोणी ‘समर्पण’. ७५, ५०, ६, ४, ३, २ यांतून ३०८ साधा. ज्यांनी लहानपणी पाऊणकी घोकली, त्यांना चार पाऊणशे म्हणजे तीनशे हे कागदावाचून उमगते. मग सहा आणि दोन मिळवले की झाले. नातवंडे येथे आजोबांकडून शिकतील.

मात्र घड्याळ बाजूला ठेवावे. उतारवयात शब्द उशिरा आठवणे स्वाभाविक आहे. खेळाने स्मृतिभ्रंश हमखास टळतो, असेही मी म्हणणार नाही. खेळाची परीक्षा झाली, की वृद्ध माणूस खेळातूनच नव्हे, बोलण्यातूनही अंग काढून घेतो.

परंतु नेहमीचा हिशेब काही आठवड्यांतच जमेनासा झाला, ओळखीचा रस्ता चुकू लागला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. कान, बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉईड, रक्तातील साखर, चालू औषधे आणि मनाची उदासी यांची तपासणी करून घ्यावी. यांतील बरीच कारणे उपचारांनी सुधारतात. गोंधळ किंवा बोलण्यातील अडखळ एकाएकी उद्भवली, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.