आधी गृहीतकं दाखवा, मग आकडे

२४ एप्रिल २०२० रोजी दिल्लीतल्या पत्रकार परिषदेत नीती आयोगाचे सदस्य डॉ. विनोद पॉल यांनी एक आलेख दाखवला. कोविडमुळे टाळेबंदी लागून महिना झाला होता. आलेखातली नव्या रुग्णांची रेषा उतरत उतरत १६ मे रोजी शून्याला टेकत होती. प्रत्यक्षात १६ मे उजाडला तेव्हा देशात दिवसाला चार हजारांच्या आसपास नवे रुग्ण सापडत होते. अमुक तारखेला रुग्ण शून्यावर येतील असं कुणी म्हटलंच नव्हतं, लोकांचा गैरसमज झाला, असा खुलासा पुढे आला. आलेख मात्र सगळ्या देशाने पाहिला होता.

साथरोगांच्या गणितावर ज्यांचा आधीपासून राग होता, त्यांच्या हाती हे आयतं कोलीत मिळालं. त्यांचा पूर्वपक्ष असा: साथ कशी पसरते हे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला कळतं, संगणकापुढे बसणाऱ्याला नाही. माणसं म्हणजे आकडे नव्हेत, सरासरीत ती मावत नाहीत. आणि ज्यांची भाकितं अशी फसतात त्यांच्यात आणि पंचांग उघडून बसलेल्या ज्योतिषात फरक तो काय?

हा पक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यातली भाकितांची तक्रार तर पुष्कळशी खरी आहे. पण नेहमी दिलं जाणारं उदाहरण चुकीचं असतं. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने ब्रिटनमध्ये पाच लाख दहा हजार मृत्यूंचा आकडा मांडला. ‘कुठे झाले एवढे मृत्यू?’ असं विचारणारे त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग गिळतात. तो अर्धा भाग होता: काहीच केलं नाही तर. ब्रिटनने टाळेबंदी केली, पुढे लस टोचली, आणि तरीही तिथल्या कोविडच्या मृत्यूंचा आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. पाणी तोंडाशी आल्याचं सांगणाऱ्याचं ऐकून बांध घालायचा आणि मग गाव बुडालं नाही म्हणून त्यालाच खोटं पाडायचं, असा हा न्याय आहे.

त्या गटाचा खरा दोष वेगळा होता. ज्या संगणक-आज्ञावलीवर हे आकडे उभे होते ती तेरा वर्षांहून जुनी होती, हजारो ओळींची होती, आणि कुठली ओळ काय करते याची टिपणं तिच्यात नव्हती. गटप्रमुख नील फर्ग्युसन यांनीच हे सांगितलं. राष्ट्राचं धोरण ज्या हिशेबावर ठरतं तो हिशेब दुसऱ्याला तपासता येऊ नये, हे अक्षम्यच.

आता दुसरी बाजू. आकडा चुकला की मॉडेलवाल्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं: आम्ही भाकीत केलंच नव्हतं, फक्त शक्यता मांडली होती. हे उत्तर कधी खरं असतं, कधी निव्वळ ताकाला जाऊन भांडं लपवणं. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या, प्रा. एम. विद्यासागर यांच्या समितीने सांगितलं, की साथीचं शिखर सप्टेंबरमध्ये ओलांडून झालं आणि खबरदारी पाळली तर फेब्रुवारी २०२१ अखेर ती जवळपास आटोपेल. इथे महिना दिलेला आहे. याला भाकीत म्हणायचं नाही तर कशाला? मौज अशी, की फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हे गणित बरंच जुळलं. रोजचे रुग्ण दहा हजारांच्या आसपास आले. मग अमरावतीत आकडे चढू लागले, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात देशाने एका दिवसात चार लाखांहून अधिक नवे रुग्ण पाहिले. विषाणूची पसरण्याची ताकद फारशी बदलत नाही तोवरच असं गणित खरं ठरतं, असं त्या कामातल्या तज्ज्ञांनी दुसरी लाट आल्यावर सांगितलं. वाक्य अगदी बरोबर आहे. ते ऑक्टोबरमध्येच, महिना सांगण्याआधी आणि तितक्याच मोठ्या अक्षरांत सांगायला हवं होतं.

ते कसं सांगावं याचा वस्तुपाठ मुंबईच्या आकड्यांवरच घालून दिलेला आहे. १९२७ साली एडिंबरोच्या दोघांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीला वर्षानुवर्षं काम केलेले. विल्यम कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले, असे लोकांचे तीन गट करून एका गटातून दुसऱ्यात माणसं कोणत्या वेगाने जातात याची समीकरणं त्यांनी मांडली. आजही साथीचं बहुतेक कुठलंही मॉडेल उघडलं तर तळाशी हेच तीन गट सापडतात. साथ का ओसरते, हा त्या काळचा वादाचा प्रश्न होता. लागण होण्याजोगी माणसंच संपतात म्हणून, की जंतूचा जोर कमी होतो म्हणून? दोघांनी दाखवलं, की दोन्हींपैकी काहीही न घडता साथ संपू शकते. लागण होण्याजोग्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली की पुरे. पुष्कळ माणसं लागणीशिवाय शिल्लक असतानाच साथ माघारी फिरते.

पडताळ्यासाठी त्यांनी मुंबई बेटावरच्या प्लेगचे १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले आठवडावार मृत्यू घेतले. त्यांच्या सूत्राप्रमाणे शिखर सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, आठवड्याला ८९० मृत्यूंवर येतं. सूत्राची रेषा आणि मृत्यूंचे ठिपके डोळ्यांत भरावेत इतके जुळतात. दुसरा कुणी असता तर इथेच पाठ थोपटून घेतली असती. या दोघांनी लगेच पुढे लिहिलं, की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आम्ही धरलं आहे. बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण होण्याची संधी सारखीच आहे असंही धरलं आहे. लागणीचे आणि मृत्यूचे दर काळाप्रमाणे बदलत नाहीत असंही. यातलं एकही काटेकोरपणे खरं नाही, तेव्हा या आकड्यांवरून प्रत्यक्ष दर काढायला जाऊ नका.

निबंधातलं हे सांगणं पाठ्यपुस्तकांतून गळालं आणि सुंदर आलेख तेवढा राहिला. २०१२ मध्ये फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी तो पुन्हा तपासला. मुंबईत प्लेग दर वर्षी यायचा, वसंतात चढायचा आणि उन्हाळा तापला की उतरायचा. एकाच वर्षाचा तुकडा कापून घेतला तर लागण होण्याजोगे उंदीर कमी झाल्यामुळे साथ ओसरली असं भासतं. सगळी वर्षं शेजारी ठेवली की त्यात ऋतूचा हात दिसतो, आणि दर कायम धरणारं समीकरण अपुरं पडतं. रेषा जुळली म्हणून कारणही जुळलं असं होत नाही. गणिताच्या विरोधकांनी हे उदाहरण खुशाल वापरावं, त्यांच्याकडच्या बहुतेक उदाहरणांपेक्षा ते जोरकस आहे. फक्त एवढं ध्यानात ठेवावं, की ही चूक दुसऱ्या गणितीनेच पकडली, आणि ती पकडता आली कारण मूळ लेखकांनी काय काय धरलं होतं ते लिहून ठेवलं होतं.

राहिला डॉक्टरांच्या अनुभवाचा मुद्दा. अनुभवाला जे दिसतं ते गणिताने सांगायची गरज नाही, हे मान्य. पण काही गोष्टी अनुभवाला दिसूच शकत नाहीत.

मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात गेला तरी डास लगेच रोग देऊ शकत नाही. जंतू तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात, आणि डासाचं आयुष्यच मुळात तोकडं. १९५०च्या दशकात जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी यातला हिशेब मांडला. शंभरातले नव्वद डास रोज जगत असतील तर दहा दिवसांनी पस्तीस उरतात. साठच जगत असतील तर दहा दिवसांनी शंभरातला एकही धड उरत नाही. डबकी बुजवून डासांची संख्या निम्मी केली तर फैलाव निम्म्याने घटतो, पण मोठ्या डासाचं आयुष्य थोडं जरी आखडलं तरी तो कोसळतो. रक्त पिऊन घरातल्या भिंतीवर टेकणाऱ्या मादीसाठी भिंतींवरच डीडीटी फवारायचं, या उपायाला या हिशेबाचा भक्कम आधार मिळाला. भारतात १९५३ साली वर्षाला साडेसात कोटी रुग्णांचा अंदाज होता, साठच्या दशकाच्या मध्यावर तो आकडा लाखाच्या आसपास आला. पुढे डासांना डीडीटी पचू लागलं, मोहीमही ढिली पडली, आणि १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. डासाचा हा पलटवार मॅक्डोनाल्डच्या समीकरणात नव्हता.

रुबेलाचं उदाहरण याहून बोलकं आहे. लहान मुलाला रुबेला झाला तर दोन-तीन दिवस ताप आणि पुरळ. तोच गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय जन्मतः अधू होऊ शकतं. लस उत्तम आहे. मग ती जमेल तेवढ्या मुलांना टोचायला काय हरकत? कुठल्याही डॉक्टरला, आईला, मंत्र्याला विचारलं तर उत्तर एकच येईल: जेवढी टोचाल तेवढं बरं. गणित म्हणालं, नाही. निम्म्याच मुलांना टोचलं तर विषाणूचं फिरणं मंदावतं, पण थांबत नाही. लस न मिळालेल्या मुली बालपणी लागणीतून सुटतात आणि ऐन बाळंतपणाच्या वयात सापडतात. हा इशारा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिला गेला होता. ग्रीसमध्ये १९७०च्या दशकाच्या मध्यापासून लस दिली जात होती, पण बरीच वर्षं ती निम्म्या मुलांपर्यंतही पोचली नव्हती. १९९३च्या साथीनंतर तिथे जन्मजात रुबेलाची २५ बाळं नोंदली गेली.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना ही लस सुरू करणाऱ्या देशाकडून किमान ऐंशी टक्के मुलांपर्यंत पोचण्याची तयारी मागत असे. म्हणूनच भारताने २०१७ मध्ये गोवर-रुबेला मोहीम काढली तेव्हा नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाची सगळी मुलं, मुलगे धरून, एकदम घेतली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून झाली. मुलग्यांना ही सुई कशाला, असं विचारणाऱ्या पालकाला द्यायचं उत्तर या समीकरणातच आहे.

सरासरीचा आक्षेप जुन्या मॉडेलांना लागू पडतो, नव्यांना तितकासा नाही. जुलै २०२०च्या रक्तचाचण्यांत मुंबईच्या तीन प्रभागांतल्या झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के आणि बाहेर १६ टक्के लोकांच्या शरीरात कोविडची प्रतिपिंडं सापडली. सरासरी काढली असती तर जो आकडा आला असता तो कुणाचाच नसता. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मुंबईसाठी केलेल्या मॉडेलमध्ये झोपडपट्टी आणि बाहेरची वस्ती वेगळी धरली होती, आणि लोकल सुरू झाली तर काय होईल हेही त्यात तपासून पाहता येत होतं. माणसाला आकडा समजणं वाईट आहेच. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे सहाजण आकड्यांत वेगळे दिसू नयेत, हे त्याहून वाईट.

आणि नेमकं घोडं पेंड खातं ते इथे. असे आकडे हाती असावे लागतात. मुंबईच्या प्लेगचे आठवडावार मृत्यू, उंदरांच्या नोंदींसह, छापले गेले होते, म्हणून वीस वर्षांनी एडिंबरोतल्या दोघांना ते मिळाले आणि शंभर वर्षांनी बाकाएरना त्यांतली खोट काढता आली. एप्रिल २०२१ अखेर भारतातल्या शेकडो शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना जाहीर विनंती केली, की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे जमा असलेली चाचण्यांची तपशीलवार माहिती संशोधकांना खुली करा, ती मिळत नसल्याने साथीचा अंदाज बांधता येत नाही. त्या वेळी कोविडला देशात वर्ष उलटून गेलं होतं, आणि रोजचे नवे रुग्ण चार लाखांच्या घरात पोचत होते.